पेटाऱ्यावर एक ओरखडा नाही

मी एक जुना तंबोरा आहे. मिरजेचा. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ज्या चंडीगडात माझं निम्मं आयुष्य गेलं, तिथे मला सगळे सतार म्हणतात. सुरुवातीला मला राग यायचा. मग लक्षात आलं, की माणसं ज्याचं नाव चुकतात त्याच्याकडे निदान बघतात तरी. ज्याचं नाव पाठ होतं त्याच्यावर ओल्या पंच्याचं वाळवण पडतं.

माझा भोपळा भीमेकाठच्या एका मळ्यातला. तो कडू होता म्हणून भाजीतून सुटला. गोड असता तर माझी गोष्ट एका जेवणात आटोपली असती. मिरजेच्या एका कारागिराने तो वाळवला, भिजवला, पुन्हा वाळवला, त्याला तुणीच्या लाकडाची दांडी जोडली आणि वर चार तारा चढवल्या. मग तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवून आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून माझी जवारी लावली. जवारी म्हणजे काय, ते सोपं करून सांगतो. तार सगळेच वाजवतात. पण तार छेडल्यावर तिच्या पोटातून जो मधमाश्यांसारखा गुंजारव उठतो आणि सगळी खोली भरून टाकतो, तो जवारीचा. ती नसेल तर तंबोरा म्हणजे लांब दांड्याचा भोपळा.

मला रघुनाथबुवांनी घेतलं. बुवा मोठे गवई होते, पण पेपरात नाव येण्याइतके नव्हेत. त्यांच्यामागे बसून मी माणसं वाचायला शिकलो. तंबोरा गाणाऱ्याच्या पाठीशी असतो, त्यामुळे श्रोते त्याला समोरून दिसतात. समेच्या आधीच मान हलवून कोण मोकळा होतो, शेजाऱ्याची मान हलली की मग कोण हलवतो आणि चहा येईपर्यंतच कोण रसिक असतो, याचा जमाखर्च माझ्याकडे चोख आहे. खऱ्या दादेच्या खात्यात फार थोडी जमा दिसते. पण जी आहे ती बुवांच्या गाण्याला आणि माझ्या सुराला मिळून आलेली.

बुवांचे दोन नेम होते. खुंट्यांना गाणाऱ्याखेरीज कुणी हात लावायचा नाही, हा पहिला. दुसरा असा, की तारा उतरवून, म्हणजे सैल करून, तंबोरा घराबाहेर काढायचा नाही. त्यांच्या घराण्यात गवई गेला की त्याच्या तंबोऱ्याच्या तारा उतरवीत. म्हणून प्रवासाला निघताना बुवा आधी मला लावत, मग गवसणी घालत, मग चपला घालत. गाडीत मी त्यांच्या दोन गुडघ्यांमध्ये उभा असे. कुणी सामान वर ठेवा म्हटलं, तर बुवा म्हणत, आधी मला ठेवा वर.

वसुधा ही त्यांची लाडकी शिष्या. तिचा आवाज फार मोठा नव्हता, पण सुरावर असा बसायचा की मला माझ्या तारा आणि तिचा गळा वेगळे काढता येत नसत. एकोणीसशे सहासष्ट साली तिचं लग्न दिगंबररावांशी झालं. ते चंडीगडला सेक्टर तीसमधल्या वैज्ञानिक उपकरणांच्या प्रयोगशाळेत होते. बुवांनी लग्नात मला तिच्या स्वाधीन केलं. तोवर त्यांच्या बोटांना खुंट्या आवळेनाशा झाल्या होत्या. ते एवढंच म्हणाले, "पोरी, तिकडे गाणं कमी झालं तरी चालेल. सूर मोडू देऊ नकोस."

नवी नवरी मला गुडघ्यांमध्ये धरून गाड्या बदलत बदलत चंडीगडला पोचली. मी पूर्ण सुरात उतरलो. दिगंबरराव आपले दोन्ही हातांत ट्रंका घेऊन मागून आले.

चंडीगड हे मला दिगंबररावांच्या कपाटासारखं वाटलं. जिथल्या तिथे सगळं, आणि प्रत्येक खणावर आकडा. उन्हाळ्यात लूचा गरम वारा सुटला की माझं लाकूड कडकड करी. मग खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांचा कूलर चालू झाला की तेच लाकूड ओल धरी. वसुधा मला एकदा या भिंतीला, एकदा त्या भिंतीला हलवत राही. शेजारची सरदारीण तिला विचारी, की एवढी काळजी घ्यायला एखादं मूल का नाही होऊ देत. पुढे नयना झाली, तेव्हा वसुधाने दोघांची घेतली.

त्या घरात हद्दी आखलेल्या होत्या. खुंट्यांना दिगंबरराव हात लावत नसत आणि स्क्रू ड्रायव्हरला वसुधा. दोघं एकमेकांच्या हद्दीचा इतका मान ठेवत, की पलीकडे काय चाललंय ते विचारतही नसत. मराठी मंडळींना तो आदर्श संसार वाटे. मलाही वाटे. हे मात्र माझ्या हिशेबात चुकीच्या बाजूला लिहिलं गेलं.

गाणं मात्र हळूहळू आटत गेलं. गणपतीत एकदा, कोजागरीला एकदा, कुणाची बदली झाली तर निरोपाला एकदा. श्रोत्यांतले अर्धे पुढच्या वर्षी दुसऱ्या गावी बदलून गेलेले असत. पण रोज पहाटे वसुधा मला लावायची. नयना रजईतून म्हणायची, "मम्मी, सोने दो ना." वसुधा तिला मराठीत रागवायची, ती हिंदीत उत्तर द्यायची आणि मी दोघींना खर्जात धरून ठेवायचो.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात पुण्याहून हेरंबचा निरोप आला. हेरंब म्हणजे बुवांचा धाकटा शिष्य. आजारी बुवांना त्याने आपल्या घरी आणून ठेवलं होतं. बुवांचे डोळे गेले होते आणि कानही पुष्कळ गेले होते. सगळ्या शिष्यांनी मिळून त्यांच्यापुढे एक संध्याकाळ गायचं ठरलं होतं. बुवांनी एकच मागणं केलं होतं: "वसुधाने यावं, आणि माझा तंबोरा आणावा. तो एकदा ऐकला की मी मोकळा."

मित्रांनो, हे वाक्य वसुधाने इतक्या वेळा वाचलं की माझ्याही पाठ झालं. तिचं जाणं तर होतंच. पण तिने जाणं पुरेसं नव्हतं. मी धड पोचायला हवा होतो.

दिगंबररावांची रजा ऐन वेळेपर्यंत प्रयोगशाळेच्या कामात अडकणार होती, त्यामुळे रेल्वेने वेळेवर पोचणं शक्य नव्हतं. म्हणून विमान ठरलं. दिल्लीला बदलायचं, मुंबईला उतरायचं, पुढे पुण्याला मोटारीने. दोघांचाही तो पहिलाच विमानप्रवास. वसुधा घाबरली, पण दिगंबरराव खुलले. नाजूक उपकरणं बाहेरगावी पाठवायची म्हणजे कशी बांधायची, यात त्यांची हयात गेली होती. ते म्हणाले, तुझ्या तंबोऱ्याला मी असा पेटारा करतो की आत पापणी हलणार नाही.

आणि त्यांनी केला. रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की ते व्हरांड्यात बसत. माझी मापं घेत, प्लायवूड कापत, जाड लोकरी नमदा चिकटवत. भोपळ्याला बरोबर त्याच्या आकाराचा खळगा केला. वरच्या टोकाला लाकडी कडं केलं, त्यात माझं डोकं घट्ट बसे. मधली दांडी मात्र मोकळी सोडली, कारण तिला कशाचा स्पर्शच नको, असं त्यांचं मत. कोपऱ्यांना पितळी पट्ट्या लावल्या. बायकोच्या गाण्यासाठी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काही केलं होतं. वसुधा चहा घेऊन बाहेर येई आणि उगाच जास्त वेळ उभी राही. त्या दिवसांत ती दोघं जितकी बोलली तितकी एरवी वर्षभरात बोलत नसत.

तिथल्या मराठी मंडळाची माणसं पेटारा बघायला आली. कुणी कड्या हलवून पाहिल्या, कुणी टिचक्या मारल्या. हवाई दलातले शशिकांत तेवढे वाकून आत डोकावले.

"पेटारा एक नंबर, यार दिगंबर," ते म्हणाले. "पण आतल्याला श्वास घ्यायला जरा ढील दे. वर सामानाच्या खोलीत थंडी असते. घट्ट बांधलेलंच आधी तुटतं."

"तुमच्या बॉम्बपेक्षा माझं पॅकिंग बरं असतं," दिगंबरराव म्हणाले. सगळे हसले, शशिकांतही. सल्ला हशात गेला. माझ्या अनुभवात बहुतेक चांगले सल्ले तिथेच जातात.

आता तारांचं ऐका. प्रयोगशाळेतून तराजू पाठवताना दिगंबरराव त्याच्या स्प्रिंगा आधी सैल करत. ताणलेली वस्तू कधी बांधू नये, हे ते आपल्या हाताखालच्या मुलांना घोकून शिकवत. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पण खुंट्या वसुधाच्या. तिने तारा उतरवल्या असणार, असं त्यांनी धरलं. आणि वसुधा? तिचे गुरू पुण्यात अंथरुणावर. अशा वेळी तारा उतरवून निघायचं, म्हणजे ते आहेत तोवरच त्यांचं सुतक धरायचं. तिने निघायच्या सकाळी मला मन लावून लावलं. पंचम, दोन जोड, खर्ज. गवसणी घातली. नवऱ्याने पापणी हलणार नाही म्हटलं आहे, तर हलणार नाही, असं तिने धरलं. पेटाऱ्याच्या कड्या लागल्या. दोघांपैकी कुणीही एक प्रश्न विचारला असता, तर मी आज ही गोष्ट सांगत बसलो नसतो.

चंडीगडचा विमानतळ म्हणजे हवाई दलाच्या तळाला चिकटलेली एक बैठी इमारत. धुकं होतं. प्रवासी थोडेच होते. ड्युटीवर एक वयस्कर सरदारजी होते. त्यांनी पेटारा पाहिला, आत काय आहे विचारलं आणि अर्थातच सतार म्हणाले. मग वसुधाच्या चेहऱ्याकडे बघून ते जरा थांबले.

"बहनजी, पीछे की दो सीटें खाली हैं. डिब्बे से निकाल लो, सीट पर बेल्ट बाँध देंगे. बच्चे की तरह जाएगा. दिल्ली में भी मैं कहलवा दूँगा."

नयना शेजारच्या सरदारणीबरोबर पोचवायला आली होती. ती टाळ्या पिटून म्हणाली, "हाँ मम्मी, गोद में रख लो ना!"

वसुधाचा हात कडीवर गेला. मला तो लाकडातूनही कळला. मिरजेपासून मला जसं आणलं होतं तसंच न्यायला ती तयार होती. पण मग तिने दिगंबररावांकडे पाहिलं. ते पितळी पट्टीवरचं धुक्याचं पाणी रुमालाने पुसत होते.

"नहीं जी," ते म्हणाले. "डिब्बे में ज्यादा सेफ है. खास बनवाया है." आणि तिला मराठीत, हळू आवाजात म्हणाले, "तुला विश्वास नाही का?"

मित्रांनो, या प्रश्नाला बायका काय उत्तर देतात ते तुम्हाला मोठे झाल्यावर कळेल. वसुधाने कडीवरचा हात काढला. ती म्हणाली, "तसं नाही हो. असू दे पेटाऱ्यातच."

पुढचं मी अंधारात सोसलं. कुणी मला फेकलं असं मी म्हणणार नाही. हमालांनी मला इतर सामानासारखंच उचललं आणि ठेवलं, आणि सगळ्या ट्रंकांना बसतो तेवढाच धक्का मला बसला. पण ट्रंकेला चार ताणलेल्या तारा नसतात. वर गेल्यावर थंडी माझ्या अंगात शिरली. चंडीगडच्या कोरड्या हिवाळ्याने आधीच आक्रसलेलं लाकूड आणखी आक्रसलं. तारा डोक्याला भोपळ्याकडे ओढत होत्या, कडं डोक्याला सोडत नव्हतं, खळगा भोपळ्याला सोडत नव्हता, आणि दांडी जिथे भोपळ्याला जुळते त्या गळ्याला खालून कसलाच आधार नव्हता. थोडं इकडेतिकडे हलता आलं असतं तर मी वाचलो असतो. दिल्लीला दुसऱ्या विमानात चढवताना आणखी एक धक्का बसला. साधाच. माझा गळा सांध्यातून फाटला, भोपळ्यावरची लाकडी तबली चिरली आणि भोपळ्याला वरपासून खालपर्यंत तडा गेला. आवाज झाला, पण पेटाऱ्याने तो बाहेर जाऊ दिला नाही. काम चोख केलं होतं.

पुण्याला हेरंबच्या घरी पेटारा उतरवला. दिगंबररावांनी तो दिव्याखाली फिरवून फिरवून पाहिला. पट्ट्या जागच्या जागी होत्या. एका कोपऱ्याचाही टवका उडाला नव्हता.

"बघ," ते म्हणाले. "एक ओरखडा नाही."

वसुधाने कड्या उघडल्या.

ती रडली नाही. तिने गवसणी वर केली, पाहिलं आणि परत खाली ओढली. दिगंबरराव म्हणाले, "तारा..." ती म्हणाली, "पेटारा..." आणि दोघं तिथेच थांबली. त्या दोन शब्दांपुढे त्यांचं भांडण कधी गेलं नाही आणि कधी मिटलंही नाही.

हेरंब शहाणा होता. त्याने पेटारा बंद केला, मधल्या खोलीत ठेवला आणि आपला तंबोरा आणून वसुधापुढे ठेवला. म्हणाला, ताई, बुवांना दिसत नाही. ऐकू येतं तेही अंदाजाने. सांगू नकोस, पण गा. वसुधा नाही म्हणाली. हेरंबने तिला दार किलकिलं करून बुवा दाखवले. ते भिंतीला टेकून, धुतलेला सदरा घालून, दुपारपासून बसले होते. मग ती हो म्हणाली.

मी मधल्या खोलीत होतो. भिंत पातळ होती. मला सगळं ऐकू आलं.

हेरंबचा तंबोरा वाजायला लागला. तो वाईट नव्हता. पण त्याची जवारी उघडी आणि कर्कश होती, खर्ज तर नुसता घोगरा. मला वाटलं, आता बुवा थांबवतील. मांडीवर थाप मारून म्हणतील, हा कुणाचा आणलास? मी त्या थापेची वाट पाहिली. माझ्या आयुष्याची सगळी जमा त्या एका प्रश्नावर लावून मी वाट पाहत राहिलो.

वसुधा गायली. चुकत, सावरत गायली. गाणं संपल्यावर बुवांचा आवाज आला, ओला आणि तृप्त.

"व्वा. पोरी, माझा तंबोरा अजून तसाच बोलतो गं. तसाच."

मग बुवांनी हात पुढे केला. हेरंबने आपला तंबोरा त्यांच्याजवळ सरकवला. बुवांनी त्या परक्या भोपळ्यावरून तळहात फिरवला, वरून खाली, तान्ह्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"परत नेताना तारा उतरवू नकोस हं," ते म्हणाले.

"नाही बुवा," वसुधा म्हणाली.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी बुवा गेले. ते समाधानाने गेले, असं सगळे म्हणाले. खरंच होतं ते. हिशेब मी खूप वेळा करून पाहिला. बुवांना आनंद मिळाला, हेरंबच्या तंबोऱ्याला माझं नाव मिळालं आणि दिगंबररावांच्या पेटाऱ्याला शाबासकी. वसुधाच्या वाट्याला मात्र एक गोष्ट आली, जी तिला कुणापुढे बोलता येईना: ज्या सुरासाठी ती इतकी वर्षं पहाटे उठली, तो सूर आणि दुसरा कुठलाही सूर, देणाऱ्यालाच सारखे वाटले होते. चंडीगडला परतल्यावर ती पहाटे उठायची, चहा करायची आणि खिडकीशी बसायची. नयना आता निवांत झोपायची. गाणं बंद झालं, हे त्या घरात कुणी कुणाला सांगितलं नाही.

दिगंबररावांनी मला दुरुस्त केलं. सरस, भुसा, तारेचे आवळे, सगळं अगदी शास्त्रशुद्ध. मिरजेला पाठवायचं तर पुन्हा बांधणं आलं, आणि त्यांना तो शब्दही सोसेना. सांधा बसला, तडा बुजला, वर झकास पॉलिश झालं. सूर आला नाही. वसुधाने एकदा तार छेडली, बोट उचललं आणि पदराला पुसलं.

ऐंशी सालानंतर त्यांची बदली झाली. सामान बांधताना वसुधा म्हणाली, याला इथेच राहू दे. मला मंडळाला दिलं. आता गणपतीत मला स्टेजवर मूर्तीच्या डाव्या बाजूला झेंडूची माळ घालून उभं करतात. मुलं माझ्याशेजारी फोटो काढून घेतात. पाहुणे म्हणतात, क्या बात है, कितनी सुंदर सितार है. एवढी दाद मला सुरात असताना कधी मिळाली नव्हती. इतर वेळी मी खुर्च्यांच्या मागे असतो.

मित्रांनो, माझं काही बरं होईल अशी आशा मला उरलेली नाही आणि तुम्हीही ती धरू नका. पण तुमच्या घरी एखादं वाद्य असेल आणि त्याला विमानातून न्यायची वेळ आली, तर त्याच्या तारा सैल करा. घोडीखाली मऊ कापड घाला. गळ्याला खालून आधार द्या. बांधताना जरा हलायला जागा सोडा. कुणी भल्या माणसाने शेजारची जागा देऊ केली, तर पेटाऱ्याचा अभिमान बाजूला ठेवून ती घ्या. एवढं सगळं लक्षात राहणार नाही, मला माहीत आहे. मग एकच करा. दाराबाहेर पडण्याआधी एकमेकांकडे बघून तोंडाने विचारा, तारा उतरवल्या का. दुसऱ्याला राग आला तरी विचारा. रुसवा चार दिवसांत निघतो.